पडद्यावर तेलुगु, घरात मराठी : चामड्याच्या बाहुल्यांच्या रामायणाचा भाषिक इतिहास

धर्मावरम हे गाव महाराष्ट्रात रेशमी साड्यांमुळे ठाऊक आहे. त्याच्या शेजारी निम्मलकुंटा नावाचे एक लहान गाव आहे. पूर्वी ते अनंतपूर जिल्ह्यात होते. २०२२ च्या पुनर्रचनेनंतर श्री सत्यसाई जिल्ह्यात गेले. चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, तेलुगूत ज्याला 'तोलुबोम्मलाट' म्हणतात, तो करणारी घरे या गावात आहेत. येथील ज्येष्ठ कलावंत दलवाई चलपती राव यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. ही तेलुगु लोककला असल्याचे त्या वेळी सर्वत्र छापून आले आणि ते बरोबरच आहे. खेळाची पद्ये तेलुगु आहेत, गद्य तेलुगु आहे, प्रेक्षकही तेलुगु आहेत. मात्र हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या समाजाची घरातील भाषा मराठीची एक बोली आहे, ही गोष्ट फार थोड्या ठिकाणी नोंदली जाते.

दलवाई हे आडनाव वाचून कोकणातील वाचकाचे कान टवकारतील. त्या आडनावावर मात्र काही उभारू नये. 'दळवायी' हे सेनापतिवाचक पद कन्नड-तेलुगु मुलखात सर्वत्र होते आणि मराठीतील दळवी-दलवाईही त्याच कुळीतले शब्द आहेत. आडनावे सीमा ओलांडतात. त्यांचा पुरावा भाषेच्या दाव्याला पुरत नाही. आपल्या चळवळीतील लेखनात आडनावांच्या याद्या देऊन मराठीपण सिद्ध करण्याची सवय आहे, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. या समाजाच्या बाबतीत पुरावा आडनावाचा नाही, प्रत्यक्ष बोलीचा आहे आणि तो शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदींतही सापडतो.

एडगर थर्स्टन यांचा दक्षिण भारतातील जाती-जमातींवरील सात खंडांचा ग्रंथ १९०९ साली मद्रासहून प्रसिद्ध झाला. त्यात 'किळ्ळेक्यात' या नावाखाली एका भटक्या समाजाचे वर्णन आहे. हे लोक तेलुगु, कन्नड आणि तमिळ प्रदेशांत बाहुल्यांचे खेळ करीत हिंडतात, त्यांच्या स्त्रिया गोंदणाचे काम करतात आणि आपापसांत ते मराठी बोलतात, असा त्या नोंदीचा आशय आहे. मुंबई इलाख्याच्या कर्नाटकी जिल्ह्यांत, म्हणजे विजापूर, धारवाड आणि आपल्या बेळगावातही, हेच लोक 'किळ्ळीकेतर' किंवा 'कटबू' या नावांनी ओळखले जात. आजच्या कर्नाटकात 'सिळ्ळेक्यात' असे रूप अधिक चालते. तमिळनाडूत याच कुळातील समाजाला 'मंडिगर' म्हणतात. त्यांच्या पुरुषांच्या नावामागे 'राव' लागते आणि घरात मराठी चालते. तीन राज्ये, तीन राजभाषा, चार-पाच जातिनामे आणि घरात एकाच कुळीची बोली, असा हा विस्तार आहे.

'किळ्ळेक्यात' हे मुळात बाहुल्यांच्या खेळातील विदूषकाचे नाव. काळा, पोट सुटलेला, तोंडाने सैल असा हा इसम पडद्यावर आला की लहान मुले जागी होतात. त्याची बायको बंगारक्का. तेलुगु खेळात तिचे नाव तेच राहते, विदूषक मात्र केतिगाडू आणि जुट्टुपोलिगाडू होतो. 'जुट्टु' म्हणजे शेंडी. तमिळ खेळात उच्चिक्कुडुम्बन आणि उळुवत्तलैयन ही जोडी येते, आणि तिच्यातील पहिल्याच्या नावातही डोक्यावरची शेंडीच आहे. खेळातील विदूषकाचे नाव खेळ करणाऱ्या साऱ्या समाजाला चिकटले. रामाची आणि सीतेची बाहुली नाचवणाऱ्यांना गाव विदूषकाच्या नावाने हाक मारते, यात गावाने त्यांना दिलेली जागा दिसते.

तेलुगु आणि कन्नड लोक मराठ्यांना जुन्या काळापासून 'आरे' म्हणत आले आहेत. त्यावरून या समाजाच्या बोलीला 'आरे' किंवा 'आरे मराठी' म्हटले जाते. येथे एक घोटाळा नेहमी होतो. कोडगू आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यांत गौड समाजाची 'अरेभाषे' नावाची बोली आहे. तिच्यासाठी कर्नाटक सरकारने २०११ मध्ये स्वतंत्र अकादमीही स्थापन केली. त्या 'अरे'तील पहिला स्वर ऱ्हस्व आहे, शब्दाचा अर्थ 'अर्धी' असा आहे आणि ती कन्नड कुळातील बोली आहे. आपल्याकडे काही उत्साही लेखकांनी या दोहोंची गल्लत करून कोडगूपर्यंत मराठी पोहोचवली आहे. एका मात्रेने एवढा मुलूख जिंकता येत नसतो.

आता खेळाकडे वळू. जनावराचे कातडे कमावून, खरवडून इतके पातळ करतात की त्यातून उजेड पार होतो. त्यावर आकृती काढून ती कापतात, टोच्याने बारीक छिद्रे पाडून दागिने आणि वस्त्रांची नक्षी उमटवतात, दोन्ही बाजूंनी रंग देतात आणि मधोमध बांबूची कामटी बसवतात. आंध्रातील बाहुल्या मोठ्या, कधी पुरुषभर उंचीच्या असतात आणि त्यांचे खांदे, कोपरे, गुडघे सांध्यांवर हलतात. कर्नाटकात लहान आणि मोठ्या असे दोन प्रकार आहेत; लहान प्रकारात कधी एकाच कातड्यावर अख्खा प्रसंग, तीन-चार पात्रे आणि झाडासह, कोरलेला असतो. पूर्वी देवांसाठी आणि नायकांसाठी हरणाचे कातडे वापरत आणि बाकीच्यांसाठी शेळीचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाचे कातडे गेले आणि राम-रावण दोघेही शेळीच्या कातड्याचे झाले. पांढऱ्या कापडाचा पडदा, त्यामागे पूर्वी एरंडेलाचे दिवे आणि आता विजेचा दिवा, मृदंग, झांजा, पायपेटी किंवा हार्मोनियम, पायातील चाळ आणि युद्धप्रसंगी आपटायच्या लाकडी फळ्या एवढ्या साहित्यावर रात्रभर रामायण उभे राहते. आरंभी गणपती आणि सरस्वती येतात. खेळ नसतो तेव्हा बाहुल्या पेटीत असतात, आणि कित्येक घरांत रामाची बाहुली रावणाच्या बाहुलीला चिकटून ठेवत नाहीत. जीर्ण झालेली बाहुली टाकून देत नाहीत, नदीत सोडतात.

खेळात पुरुष आणि स्त्रिया दोघेही गातात. स्त्रीपात्रांचे बोलणे आणि गाणे घरातील स्त्रियांकडे असते. इतर बहुतेक लोकनाट्यांत स्त्रीपात्रे पुरुषांनीच केली, मग तो दशावतार असो वा यक्षगान. पडद्यामागे तोंड दिसत नाही आणि सारी मंडळी एकाच कुटुंबातील असते, या दोन कारणांनी येथे स्त्रीचा आवाज टिकला असावा. कोप्पळ जिल्ह्यातील मोरनाळ गावच्या भीमव्वा दोड्डबाळप्पा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यानंतर, पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या नावात समाजाचे तेच विदूषकी नाव आहे आणि ते आता राष्ट्रपती भवनाच्या यादीत गेले आहे.

भाषेच्या दृष्टीने खरे कुतूहल पुढेच आहे. या खेळात भाषेचे थर असतात. तेलुगु खेळातील पद्ये प्रामुख्याने 'रंगनाथ रामायणमु' या ग्रंथातून येतात. गोन बुद्धारेड्डीच्या नावावर असलेले हे रामायण द्विपद छंदात आहे. दोन-दोन चरणांचा हा छंद गायला सोपा आणि पाठांतराला सोयीचा. कर्नाटकात कुमार वाल्मीकीचे 'तोरवे रामायण' आणि गदगच्या कुमारव्यासाचे भारत यांचा आधार असतो. ज्या तोरवे गावावरून त्या रामायणाला नाव मिळाले ते विजयपूर शहराला लागून आहे, म्हणजे आपल्या सोलापूरपासून फार दूर नाही. पद्य झाले की त्याचा अर्थ सांगणारे गद्य येते. हे गद्य ग्रांथिक आणि बोली यांच्या मधले असते. मग विदूषक येतो आणि त्या गावची, त्या आठवड्यातली भाषा बोलतो. सावकार, तलाठी, नवा चित्रपट, बायकोची भांडणे, सारे त्याच्या तोंडी येते, आणि ते काही वेळा इतके उघडे असते की अभ्यासकांनी छापताना गाळले आहे. जोनाथन गोल्डबर्ग-बेल या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात आंध्रातील खेळांचा तपशीलवार अभ्यास केला, तेव्हा त्यांचे लक्ष या विदूषकांनीच वेधले होते. ग्रंथातील रामायण आणि गावातील जगणे यांचा सांधा तेथे असतो.

म्हणजे एकाच रात्री एकच कुटुंब मध्ययुगीन तेलुगु काव्य गाते, शिष्ट तेलुगु गद्य बोलते आणि गावरान तेलुगूत शिव्या देते. पहाटे पडदा गुंडाळून तळावर परतल्यावर त्याच माणसांची भाषा मराठी होते. ज्या समाजात परवापरवापर्यंत शाळेचे तोंड पाहिलेला माणूस विरळा होता, त्याच्या भाषिक संपत्तीचा हा हिशोब आहे. त्यांना अशिक्षित म्हणण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा.

असे का झाले असावे? बाहुल्यांचा खेळ हा पोट भरण्याचा धंदा होता आणि धंद्याची भाषा गिऱ्हाइकाची असते, हे एक सरळ उत्तर आहे. ते खरे आहे, पण अपुरे आहे. गिऱ्हाइकाची भाषा रोज बोलणारी माणसे दोन-तीन पिढ्यांत घरची भाषा सोडतात, असा अनुभव शहरांत आपण रोज घेतो. या लोकांनी ती सोडली नाही. भटके जगणे, समाजातच होणारे विवाह आणि गावाने राखलेले अंतर यांनी घरची भाषा वेगळी राहिली. गावाने त्यांना जवळ केले असते, तर त्यांची मराठी कदाचित उरली नसती. हे लिहिताना आनंद होत नाही, पण भाषा टिकण्याची कारणे नेहमीच अभिमानास्पद असतात असे नाही.

हे लोक दक्षिणेत कधी आणि कसे गेले, यावर दोन मते आहेत. सामान्यतः मराठी सत्तेच्या विस्ताराशी हा प्रवास जोडला जातो. शहाजीराजांना आदिलशाहीकडून बेंगळुरूची जहागीर मिळाली ती १६३८ च्या सुमारास; व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले ते १६७५-७६ मध्ये आणि तेथील भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत चालले. सैन्यामागे आणि दरबारामागे कलावंत जातात, तसे हे गेले, असे हे मत सांगते. दुसरे मत असे की पशुपालक आणि भटक्या समाजांचे पठारावरील येणे-जाणे राजकीय सत्तांपेक्षा फार जुने आहे. तमिळनाडूतील मंडिगरांच्या बाबतीत मला पहिले मत पटते. बळ्ळारी, अनंतपूर आणि कोप्पळच्या बाबतीत दुसरे अधिक संभवनीय वाटते. तुंगभद्रेच्या दोन्ही तीरांवरील कोरड्या मुलखात मेंढरे, घोडी आणि माणसे कोणत्याही फर्मानाची वाट न पाहता फिरत आली आहेत.

पण माणसे केव्हा गेली हा प्रश्न वेगळा आणि कला कोणाची हा वेगळा. मराठ्यांनी दक्षिणेला छायाबाहुल्यांचा खेळ दिला, असे विधान आपल्याकडे कधी कधी मोठ्या आवाजात केले जाते. ते टिकत नाही. तेराव्या शतकातील पाल्कुरिकी सोमनाथ याच्या 'पंडिताराध्य चरित्र' या तेलुगु ग्रंथात चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळाचा उल्लेख आहे; तेव्हा भोसले घराण्याचा मागमूसही नव्हता. आंध्रातील बाहुल्यांची धाटणी, लांब डोळे, बाजूने दाखवलेले चेहरे आणि वस्त्रांची नक्षी लेपाक्षी येथील वीरभद्र मंदिराच्या विजयनगरकालीन भित्तिचित्रांशी जुळते, आणि लेपाक्षी निम्मलकुंट्याच्याच जिल्ह्यात आहे. ही कला त्या मातीतली आहे. मराठी बोलणाऱ्यांनी ती आत्मसात केली आणि इतरांच्या हातून सुटल्यावरही राखली. माझ्या मते हे श्रेय मूळ मालकीच्या श्रेयाहून लहान नाही.

महाराष्ट्रात याच कुळातील कला कोठे आहे, हे पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी हे गाव आहे. तेथील ठाकर समाजाने सावंतवाडीच्या सावंत-भोसल्यांच्या आश्रयाने तीन कला राखल्या : कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथी. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे निम्मलकुंट्यानंतर एका वर्षाने, आणि मोरनाळच्या आधी चार वर्षे. पिंगुळीच्या चामडी बाहुल्या आंध्रातल्यांपेक्षा आकाराने पुष्कळ लहान आहेत. चित्रकथी म्हणजे कागदावर काढलेली चित्रे एकामागून एक दाखवीत, वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने कथा गाणे. एका कथेच्या चित्रांच्या संचाला 'पोथी' म्हणतात. तिच्यातील पाने मात्र वाचायची नसून पाहायची असतात. पैठण येथे मिळालेली आणि पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असलेली चित्रे 'पैठणची' म्हणून प्रसिद्ध झाली, पण त्यांची आणि पिंगुळीची शैली एकाच कुळीची आहे. त्या चित्रांतील बाजूने दाखवलेले चेहरे आणि ताठ उभ्या आकृती पाहिल्या, की कर्नाटकातील बाहुल्या कागदावर उतरल्यासारख्या वाटतात.

'चित्रकथी' हा शब्दही जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्या 'चित्रकथका'ची नोंद त्यात आहे. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातील. आपल्या सीमाभागातील वाचकांना वेगळे सांगायला नको. राजा कन्नड, ग्रंथ संस्कृत आणि त्यातील कलावंताचे नाव आज टिकले आहे ते मराठीत, एका जातीचे नाव म्हणून. बाहुल्यांसाठी ज्ञानेश्वरीत 'साइखडें' हा शब्द येतो. तो मात्र मराठीने पुढे गमावला.

कोकणातील चित्रे आणि रायलसीमेतील बाहुल्या यांच्यात कथांचेही साम्य आहे. वाल्मीकि रामायणात नसलेली दोन आख्याने दोन्हीकडे हमखास रंगतात. पहिले महिरावणाचे. मराठीत अहिरावण आणि महिरावण असे दोघे भाऊ आहेत. तेलुगु, कन्नड आणि तमिळमध्ये एकटा मैरावण आहे. तो झोपलेल्या राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेतो आणि मारुती त्यांना सोडवून आणतो. पाताळाच्या दारावर मारुतीला स्वतःचाच मुलगा आडवा येतो. तो मराठीत मकरध्वज आणि तेलुगूत मत्स्यवल्लभ. दुसरे आख्यान सुलोचनेचे. इंद्रजिताची ही पत्नी पतीचा देह मागण्यासाठी शत्रूच्या छावणीत रामापुढे उभी राहते. रंगनाथ रामायणात तिची कथा आहे. मराठीत श्रीधराच्या 'रामविजया'ने (१७०३) ती घरोघरी नेली. ही आख्याने मराठी माणसांनी दक्षिणेला नेली की तिकडून आणली, असा वाद घालण्यात अर्थ नाही. पडद्याला मात्र ती विशेष मानवतात. शेपटीचा कोट करून राम-लक्ष्मणांभोवती बसलेला मारुती ही दिव्यापुढे धरण्यासाठीच सुचलेली कल्पना वाटते. सुलोचनेच्या विलापात पडद्यामागील स्त्रीच्या आवाजाला पूर्ण वाव मिळतो, आणि मघाशी सांगितलेली गोष्ट, म्हणजे घरातील स्त्री गाते ही, येथे खरी फळते. शत्रूच्या बायकोसाठी रडणारा प्रेक्षक रामायणाचा खरा श्रोता म्हणावा लागेल.

खेळाची भाषा आणि कलावंताची भाषा वेगळी असणे हे केवळ या समाजाचे वैशिष्ट्य नाही. केरळात पालक्काडच्या परिसरात भद्रकालीच्या देवळांपुढील कूत्तुमाडांत रात्रीमागून रात्री छायाबाहुल्यांचे रामायण चालते. मल्याळम मुलखातील त्या खेळात पद्ये कंबाच्या तमिळ रामायणातील असतात. समोर कित्येकदा एकही माणूस नसतो. दारुकाशी लढण्यात गुंतलेल्या देवीला राम-रावण युद्ध पाहता आले नाही, म्हणून खेळ तिच्यासाठी आहे, अशी श्रद्धा आहे. गोव्याच्या सत्तरीत आणि लगतच्या सीमेवरील गावांत 'रणमाले' चालते. तेथेही रामायणाच्या जोडीने कोकणी आणि मराठी सरमिसळ नांदते. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

तंजावरचा विषय निघाला की आपण सरस्वती महाल ग्रंथालयाचा, मोडी कागदांचा आणि शहाजीराजांच्या नाटकांचा उल्लेख करतो. योग्यच आहे. शहाजीराजांचे 'पंचभाषाविलास' हे पाच भाषांत बोलणारे नाटक आहे. तेथील मराठी कीर्तनातून तमिळ हरिकथेने साकी, दिंडी, ओवी हे छंद घेतले आणि अजूनही जपले आहेत. दरबारातील पाच भाषांचे नाटक ग्रंथालयात सुरक्षित आहे. त्याच मुलखात गावोगाव चार भाषांतून जगणाऱ्या बाहुलीवाल्यांच्या मराठीचे एक पानही तेथे नाही. लिहिता येणाऱ्यांची मराठी इतिहासात गेली. न लिहिणाऱ्यांची तळावरच राहिली.

शास्त्रीय पाहणीतही तिला जागा मिळाली नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. मालवणीपासून हळबीपर्यंत अनेक बोलींचे नमुने त्यात आले. परंतु मद्रास इलाखा, हैदराबाद संस्थान आणि म्हैसूर संस्थान हे प्रदेश त्या सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. या समाजाचा बहुतेक वावर नेमका तेथेच होता. ज्या काळात तळावरची भाषा आजच्यापेक्षा पुष्कळ निर्भेळ असणार, त्या काळात ती टिपणारे कोणी तिकडे गेले नाही. मराठीच्या बोलींचा जो नकाशा आपण आजही भाषणांतून दाखवतो, त्याच्या दक्षिणेकडील रिकामेपणाचे हे एक कारण आहे. तेथे मराठी नव्हती म्हणून तो भाग रिकामा राहिलेला नाही.

पुढे राज्ये झाली. १ ऑक्टोबर १९५३ रोजी बळ्ळारी जिल्हा कन्नड आणि तेलुगु असा विभागला गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी उरलेल्या रेषा आखल्या गेल्या. आपण त्या रेषांविषयी एवढे लिहिले आहे की त्या रेषांनी आणखी कोणाला कापले हे पाहायला सवड झाली नाही. एकच समाज आता महाराष्ट्राच्या यादीत 'कटबू' या नावाने विमुक्त जातींमध्ये आहे, तर कर्नाटकाच्या यादीत 'सिळ्ळेक्यात' या नावाने अनुसूचित जातींमध्ये. विमुक्त म्हणजे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जोखडातून १९५२ मध्ये सुटलेले. रामायण सांगत हिंडणारी माणसे इंग्रजी राज्याच्या दृष्टीने संशयित होती, कारण ती हिंडत होती. आज या दोन राज्यांत विवाहसंबंध झाला तर मुलांच्या दाखल्यावर कोणती जात लागेल, हा प्रश्न त्या कुटुंबांपुढे खराखुरा उभा राहतो आणि त्याचे उत्तर भाषाशास्त्र देऊ शकत नाही.

खेळ आता उतरणीला लागला आहे. चित्रपटाने प्रेक्षक नेले, दूरदर्शनच्या रामायणाने उरलेसुरले नेले. दुष्काळात पाऊस पडावा म्हणून विराटपर्वाचा खेळ लावण्याची कर्नाटक-आंध्रातील चाल काही गावांत उरली आहे. निम्मलकुंट्यातील बहुसंख्य घरे आज खेळापेक्षा चामड्याच्या दिव्यांच्या शेडी, भिंतीवरची चित्रे आणि दारावरची तोरणे करून जगतात. या वस्तूंना बाजार आहे आणि हातातील कसब टिकले आहे, त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही. पण शेड बोलत नाही. कापणे, टोचणे आणि रंगवणे पुढच्या पिढीकडे जाते. पद्य, गद्य आणि विदूषकाची जीभ जात नाही. भटकणे थांबून पक्की घरे झाली, मुले तेलुगु, कन्नड किंवा इंग्रजी शाळेत गेली, आणि ज्या अंतरामुळे घरची भाषा वेगळी राहिली होती ते अंतर कमी झाले. हे घडायलाच हवे होते. त्याबरोबर तळावरची मराठीही ओसरत आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही राज्याची अकादमी नाही. महाराष्ट्राच्या दृष्टीने ते परप्रांतीय आहेत, आणि आंध्र-कर्नाटकाच्या दृष्टीने त्यांची कला आपली असली तरी त्यांची बोली आपली नाही.

२०११ च्या जनगणनेत मराठी भाषकांची संख्या सुमारे ८ कोटी ३० लाख भरली. हा आकडा आपल्या निवेदनांत नेहमी येतो. तो कसा भरतो हे मात्र फारसे सांगितले जात नाही. लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावे एकत्र करून मोठ्या भाषांच्या खाली गटवारी करतात, आणि ज्या नावाचे बोलणारे देशभरात १०,००० पेक्षा कमी भरतात ते स्वतंत्र न छापता 'इतर' या सदरात टाकले जाते. शिवाय भोवतालच्या प्रतिष्ठित भाषेचे नाव सांगणे सोयीचे असले की माणसे तेच सांगतात, हे सीमाभागातील आपल्या कित्येक कुटुंबांनाही ठाऊक आहे.

पुढील जनगणना २०२७ ची आहे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आईने ज्या भाषेत आपल्याशी बोलणे केले ती भाषा, अशी तिची व्याख्या आजवरच्या जनगणनांनी मानली आहे, आणि गणकाने सांगणाऱ्याचे उत्तर जसेच्या तसे लिहावयाचे असते. निम्मलकुंट्यातील वा मोरनाळमधील माणसाला त्या रकान्यासाठी तेलुगु किंवा कन्नड सोडावी लागत नाही. मातृभाषेनंतर त्या व्यक्तीला येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंदही गणक करतो.